नाटक संपलं, कॅसेट चालूच राहिली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. माझ्या वह्यांत सगळ्याच्या याद्या आहेत — फ्रीझरमध्ये काय, कुणाचा वाढदिवस कधी, बॉयलरची सर्व्हिस केव्हा — फक्त हे कुठे लिहिलेलं नाही. तुम्हाला सांगते.

आधी सोपं कबूल करते. मला फ्रेंच सिनेमे आवडायचे. गंभीर, बक्षीसवाले नव्हेत — हलकेफुलके, प्रेमाचे. पहिल्या दहा मिनिटांत कळायचं, ही याच माणसाशी भांडणार आणि याच्याच गळ्यात पडणार. मध्ये एखादा चुकीचा नवरा मुलगा, एक आगाऊ मावशी, एक लांबलचक जेवण. आणि तरीही शेवटी तो धापा टाकत स्टेशनवर पोचला की माझा श्वास अडकायचा! पुढचं सगळं माहीत असताना का अडकावा? मला वाटतं, माहीत होतं म्हणूनच. दिवसभर मी काय बिघडेल याचा विचार करणारी बाई. तिथे काहीच बिघडणार नसायचं.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आम्ही लंडनजवळ इल्फर्डला होतो. असे सिनेमे टीव्हीवर आडवेळी लागायचे. मी टायमर लावून रेकॉर्ड करायचे, कॅसेटवर नंबर घालायचे, आणि बुधवारी दुपारी सुनंदा आली की दोघी बघायचो. सुनंदा आमच्या तिथल्या मराठी मंडळात रविवारी मुलांना मराठी शिकवायची. घटस्फोट झालेला, स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये एकटी. पोह्यांची बशी हातात धरून ती टीव्हीला दटावायची, "अगं बाई, तो मठ्ठ आहे, सोड त्याला!" आठवडाभरात मी दुसरीकडे कुठे इतकी हसत नसे.

मंडळात मात्र यातलं अक्षरही काढायचं नाही, हे मीच ठरवलेलं. आपल्या लोकांत तेव्हा फ्रेंच सिनेमा म्हटलं की एकच अर्थ — पडदे ओढून बघायचा प्रकार. मी मंडळाची सेक्रेटरी. मला कशाला ती चर्चा?

मग ती दिवाळी. हॉलमध्ये फराळानंतर आदल्या वर्षीचं मुलांचं नाटक टीव्हीवर दाखवायचं होतं. कॅसेट मीच आणली. नाटक चाळीस मिनिटांचं, कॅसेट तीन तासांची — आणि नाटकाची प्रत मी एका जुन्या सिनेमाच्या कॅसेटवरच केली होती. यादीत तेवढी नोंद करायची राहिली. मुलांनी नमस्कार केला, टीव्हीवर क्षणभर मुंग्या आल्या, आणि — पुरुषाचा शर्ट घातलेली एक बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून प्रियकराचं चुंबन घेत होती. अगदी निवांत. ऐंशी माणसांसमोर.

"बंद करा ते!" अध्यक्ष नेनेकाका ओरडले. "कुणाची कॅसेट ही?"

मी ती बाहेर काढली. तिच्यावर माझ्या अक्षरातला नंबर होता — तो तळहाताखाली झाकला आणि म्हणाले, "सुनंदाची. तिच्याकडून आणली होती."

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं म्हणू का? मिळाला होता. कुणाचं नाव खपेल ते मला नीट कळलं होतं. एकट्या राहणाऱ्या बाईचं खपेल.

सुनंदा चहाच्या बंबापाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं — मी वायर गुंडाळत राहिले. मग ती म्हणाली, "काका, शेवटी लग्न होतं हो त्यांचं! बघा तरी पुढे." दोघं-चौघं हसले. नेनेकाका हसले नाहीत.

पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "मुलं हिच्या हाती कशी सोपवायची?" मी मिनिट्स लिहीत होते. दोन शब्द पुरले असते — माझी होती. मी ते बोलले नाही. उलट, वर्ग काढून घेतल्याचं पत्र सेक्रेटरी म्हणून मीच लिहिलं. स्वच्छ अक्षरात, 'आपल्या सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे' वगैरे. पोस्टातही मीच टाकलं.

त्या बुधवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. मी फोन केला नाही. दोनेक वर्षांनी कानावर आलं, ती गाव सोडून लेस्टरला राहायला गेली.

सिनेमे मी सोडले नाहीत. बुधवार दुपार, एकटीच. त्यातली मजा गेली असं तुम्हाला सांगितलं, तर तेही खोटंच होईल — गेली नाही.

आणखी सात वर्षं मी सेक्रेटरी होते. पद सोडलं तेव्हा मंडळाने समारंभ केला. नेनेकाका भाषणात म्हणाले, "सुलभाताईंच्या कामात कधी चूक म्हणून सापडली नाही." टाळ्या झाल्या. मी उठले, शाल खांद्यांवर घेतली आणि हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.