दुनळी रायफलीची बुजवलेली खाच

ब्रिस्टलमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये आम्ही दोघं व्हॉलंटियर होतो. तो पुण्याचा, मी नागपूरची. दोघंही इंजिनियर आणि दोघांनाही जुन्या दुनळी रायफलींचं वेड. नळीच्या तोंडातून दारू ठासायची पद्धत मागे पडली आणि नळ्या बिजागरीवर खाली वाकवून मागून काडतूस भरायला सुरुवात झाली, तो काळ आमचा आवडता. तेव्हाची मोठी अडचण म्हणजे बार उडाला की मागच्या फटीतून जळता धूर निसटायचा. काडतुसाचं कवचच फुगून ती फट बंद करतं, हे लोकांना दिसावं म्हणून मी गॅरेजमध्ये एक रिकामं कवच उभं कापलं आणि त्यावर भाषण तयार केलं. ऐन त्या शनिवारी मुलगी तापाने फणफणली. मी त्याला म्हटलं, "माझ्या जागी तू बोलशील?"

तो बोलला. "मी स्वतः कापून पाहिलं," असंच बोलला. मुलीच्या उशाशी बसून मी रेकॉर्डिंग पाहिलं. माझं नाव कुठेच नव्हतं. जाब विचारला तर म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? आपण टीम आहोत ना!"

मी गिळलं, पण पचवलं नाही.

काही महिन्यांनी म्युझियमला एक दुनळी रायफल भेट आली. साफ करताना नळ्यांच्या मागच्या कडेला, वरच्या अंगाला, लोखंड भरून बुजवलेल्या खाचा माझ्या नखाला लागल्या. म्हणजे ही मुळात पिनच्या काडतुसाची. त्या काडतुसाच्या बाजूने एक पिन बाहेर यायची, ती खाचेत बसायची आणि घोडा वरून तिच्यावर आदळायचा. पुढे ठिणगी देणारी कॅप काडतुसाच्या बुडाशी मधोमध आली, तेव्हा कुणीतरी खाचा बुजवून घोडे बदलले होते.

तिच्यावर बोलायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने भाषणात लिहिलं की ही रायफल जन्मापासूनच नव्या पद्धतीची, फार दुर्मीळ. मला वाचायला दिलं. "काही चुकलंय का गं?"

"छान झालंय," मी म्हटलं.

हॉल संग्राहकांनी भरला होता. टाळ्या संपू दिल्या आणि मग हात वर केला. "नळ्यांच्या मागे वरच्या बाजूला दोन ठिगळं दिसतात. ती कशाची?"

तो वाकला. नळ्या उघडल्या, पुन्हा मिटल्या. त्याचे कान लाल होताना मी पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे संग्राहक टॉर्च घेऊन उठले, निरखून म्हणाले, "ही तर पिनची होती." मग मी टेबलापाशी गेले आणि सगळं समजावून सांगितलं. कापलेलं कवचही दाखवलं, ते मी कापलंय हे सांगून.

कार पार्कमध्ये त्याने मला गाठलं. "तुला माहीत होतं! आधी सांगायचंस ना."

"तू माझं नाव सांगितलं असतंस, तर मीही सांगितलं असतं."

तो परत कधी आला नाही. रायफलीची पाटी आता माझ्या शब्दांत आहे. नवरा म्हणतो, जरा जास्तच केलंस. असेल. एकेका स्क्रूवरून तासन्‌तास वाद घालायला तसा दुसरा कुणी मिळाला नाही, हे खरं. पण त्याला फोन करावा असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.