पहिल्या शीलापाशी थांबणारी यमुनामावशी

आजी वंदनेत नेहमी मागे का पडते, असं तुम्ही नातवंडं फोनवर हसत विचारता. ती खोड माझी नाही. यमुनामावशीची आहे.

पांढुर्ण्याच्या आमच्या बुद्धविहारात ती झाडलोट करी. एरवी संत्र्यांच्या बागेत मजुरी. पंचशील सुरू झालं की पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, ती सावकाश म्हणे आणि क्षणभर गप्प उभी राही. आमचं पाचवं संपे तेव्हा ती दुसऱ्यावर असे. मी शाळेत शिकवणारी, शिस्तीची, एकदा रागावलेच. ती म्हणाली, "तुम्ही पाढे म्हणून राहिल्या, बाई. मी वचन देऊन राहिली."

त्र्याऐंशी साली लंकेत तमिळांची घरं जळाली. आमच्या स्टेशनातल्या तमिळ बाबूंची बहीण कमला तिथून विधवा होऊन आली. तिचं घर सिंहली बौद्ध शेजाऱ्यांनी जाळलं होतं. तिला आणि लेकीला न्हाणीत लपवलं तेही एका शेजारणीनंच. थोरला मुलगा बंदूक घ्यायला निघून गेला होता. भावाच्या दोन खोल्यांत आधीच आठ माणसं. मावशीने तिच्यासाठी विहारामागची रिकामी खोली मागितली.

पौर्णिमेला विहार समितीची बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, "मावशी, तिथले बौद्ध आपले लोक हायेत. त्यांच्या दुश्मनाले विहारात कसं ठेवाचं?"

"आपले?" मावशी हातातल्या झाडूसकट उठली. "सौंसरकडं माह्या बापाचं घर जाळलं, तवा जाळणारेबी कोनाचे तरी आपलेच होते ना? या बाईले लपवणारी बौद्धच होती. ते माही. घर जाळणारा माहा कोनी नाही."

"म्हातारी लंकेले जाऊन आली वाटते!" मागून कोणी हसलं.

"लंकेले कायले जाऊ? इथंच दिसून राहिली मले."

अजून संताप येतो. आमच्या आईबापांनी राखेतून भांडी वेचली होती, आणि आम्ही परक्या देशातल्या आगीत आपलं कोण ते निवडत बसलो होतो. तिथल्या लोकांना युद्धाने बिघडवलं म्हणावं, तर आम्हाला कुणी साधी काठीही दाखवली नव्हती. आणि मी? इंग्रजी पेपरात सगळं वाचलेली मी, पांढऱ्या साडीचा पदर सारखा करत जागेवरच बसून राहिले.

खोली मिळाली नाही. तिच्यात सतरंज्या ठेवल्या. मावशीने स्वतःच्या एकुलत्या खोलीत मधोमध लुगडं टांगलं आणि मायलेकींना घरी आणलं. चार वर्षं त्या लुगड्याच्या अल्याडपल्याड भाकरी, भात आणि मोडक्या हिंदीतली भांडणं चालली.

"इतकी चिंच? दात गेले ना माहे!"

"दाँत था कब, अम्मा?"

मावशी गेली त्या दिवशी तिच्या अंगणात पंचशील झालं. पहिलं म्हणून झालं आणि आम्ही सवयीने दुसऱ्यावर गेलो. एक आवाज मात्र मागेच राहिला होता, अडखळत, वेगळ्याच हेलात. कपाळावर भस्म लावलेली कमला अजून पहिल्यावरच होती. अध्यक्षांनी वळून पाहिलं आणि आवाज चढवून पुढचं म्हणू लागले.

चार वर्षं उशिरा, पण मी थांबले.