सकाळची बाई आणि मामांचं घोंगडं

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. आत्याबाई गेल्या, त्यानंतर मामांनी दोन गोष्टी बंद केल्या. एक म्हणजे पहाटे रेडिओ लावणं, आणि दुसरी म्हणजे आपल्या घोंगड्यावर दुसऱ्या कुणाला बसू देणं.

ते घोंगडं काळं होतं, करड्या काठाचं. आमच्याकडं पूर्वीपासून मेंढरं. मामांनीच ती विकली आणि गावी, न्हावऱ्यात, ऊस-कांदा धरला. विकायच्या आधी जी शेवटची कातरणी झाली, त्या लोकरीचं सूत आत्याबाईंनी स्वतः काढलं आणि सनगराकडून घोंगडं विणून घेतलं. पुढं एका कोपऱ्याला उंदीर लागला, तेव्हा हाताशी होता तो लाल दोरा घेऊन त्यांनी भोक शिवून टाकलं. काळ्या घोंगड्यावर तो लाल दोरा लांबून दिसायचा. मामा भर मे महिन्यातसुद्धा ते खांद्यावर टाकून फिरायचे.

एकदा शेजारचं पोर त्यावर जाऊन बसलं, तर मामांनी त्याला अलगद उचललं आणि शेजारच्या गोणीवर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. माझा स्वभाव तसा तापट. कुणी एक बोललं तर मी दोन बोलून मोकळी होते. पण जो बोलतच नाही त्याच्याशी भांडायचं कसं? मामा दिवसेंदिवस गप्प होत चालले होते आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

रेडिओचं असं, की मेंढरं होती तेव्हापासून मामांचा एक नेम होता. पहाटे वाघर सोडायची, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी उघडायची, आणि काठीला रेडिओ अडकवायचा. त्या वेळेला एक बाई गायच्या. शास्त्रीय गाणं. मामांना त्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं, बाईंचं नावही कधी धड लक्षात राहिलं नाही. ते त्यांना ‘सकाळची बाई’ म्हणायचे. त्या लागल्या की आत्याबाई चुलीपुढून हाक मारायच्या, “आली बगा तुमची बाई. आता चहा गार झाला तरी कळायचा न्हाई.” माझं लग्न झाल्यावरही कितीतरी सकाळी मी हे ऐकलं आहे. आत्याबाई रागावल्यासारखं करायच्या आणि रेडिओचा आवाजही स्वतःच मोठा करायच्या.

त्या उन्हाळ्यात आमचे हे शिरूरच्या एसटी स्टँडवर कारखान्याच्या बसची वाट बघत उभे होते, तर भिंतीवर पोस्टर. दौंडला मोठा संगीत महोत्सव, मोठमोठे कलाकार, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या सत्रात त्याच बाई. दहाला भोंगे बंद करायचा नियम नुकताच लागला होता, म्हणून रात्रीचं शेवटचं गाणं सकाळी घेतलं होतं. खाली लिहिलं होतं, मागच्या बाजूला बैठक मोफत. ह्यांनी घरी येऊन बाईंचं नाव एकदा सांगितलं आणि ‘मोफत’ दोनदा.

मामा नको म्हणाले. मग मी म्हणाले, “मामा, तुम्ही न्हाई आला तर आम्हीबी न्हाई जायचो.” पोराची, म्हणजे ह्यांची, सुट्टी आपल्यामुळं वाया जाईल म्हणून ते उठले. बरं वाटावं म्हणून नाही.

जायचं कसं, तर दुधाच्या टेम्पोतून. टेम्पोवाला ह्यांच्या बरोबरीचा, त्यानं भाडं घेतलं नाही, फक्त कॅनला टेकू नका म्हणाला. मी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घरचे कांदे आणि पाण्याचा कॅन घेतला. बसायला कांद्याच्या रिकाम्या गोण्या झटकून घेतल्या, आणि मामांच्या खांद्यावर घोंगडं. संध्याकाळी दौंडात उतरलो तेव्हा अंगाला दुधाचा आणि कांद्याचा असा मिळून वास येत होता. पुढं खुर्च्यांवर अत्तर लावलेली माणसं. आम्ही मागं भाकरी सोडून बसलो. सतार सुरू झाली आणि ह्यांनी कांदा फोडला, तर पुढच्या ओळीतल्या चौघांनी मागं वळून बघितलं. मला हसू आवरेना. मामा मात्र घोंगड्यावर एकटेच, स्टेजकडं बघून न बघितल्यासारखे बसले होते. एवढं करून आणलं, आणि उद्याही ते असेच बसले तर?

बाहेरगावच्या लोकांसाठी शेजारच्या शाळेचा व्हरांडा उघडा ठेवला होता. तिथं झोपलो. उजाडायच्या आतच मामा मला उठवायला आले. म्हणाले, “सकाळच्याला खुर्च्या न्हाईत म्हनं. सगळे खालीच बसनार. जागा धरून आलो. पार फुडं, स्टेजपुढच्या दोरीला लागून.”

“धरली कशी?”

“घोंगडं हातरून आलो की.”

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्यात रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरला की ज्यानं जिथं घोंगडं टाकलं ती त्याची जागा. यात्रेतही तसंच. माणूस तिथं नसला तरी अंथरलेल्या घोंगड्याला कुणी पाय लावत नाही, बाजूला सारणं तर लांबच. मामांना स्वतःहून जागा धरावीशी वाटली याचाच मला एवढा आनंद झाला होता, की दौंड म्हणजे रान नव्हे हे डोक्यातही आलं नाही. आम्ही निवांत नदीवर गेलो, तोंडं धुतली, पुलाजवळच्या टपरीवर चहा प्यायलो. मामांनी चहा दुसऱ्यांदा मागितला.

परत आलो तर दोरीपाशी माणसंच माणसं. घोंगडं नव्हतं.

मी बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याला धरलं. “हितं घोंगडं होतं.”

“काकू, इथल्या सतरंज्या सगळ्या मंडपवाल्याच्या.”

“सतरंजी न्हाई, घोंगडं.”

“तेच ते.”

हे ‘तेच ते’ माझ्या डोक्यात गेलं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण दोन-तीन बिल्लेवाले गोळा झाले आणि आमचे हे माझा पदर ओढत “अगं आवाज कमी, गाणं सुरू व्हायचंय” करत राहिले. मग आम्ही शाळेचा व्हरांडा बघितला, पाण्याच्या टाकीमागं बघितलं, बसलेल्या लोकांच्या बुडाखाली वाकूनवाकून बघितलं. लोक पाय आखडून घेत होते. कुठंच नाही.

मामा त्या जागेजवळ उभे होते. रागावले नव्हते. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरी. चला घरी.”

“आन् बाईचं गानं?”

“नको आता.”

ज्या माणसाला जरा बरं वाटावं म्हणून आणलं, त्याच्याजवळ आत्याबाईंचं उरलेलं एकच काय ते होतं, आणि तेही इथं घालवून त्याला आम्ही घरी नेणार होतो. मी गोण्या गुंडाळायला घेतल्या. रडू येत होतं, ते गोण्यांवर काढलं.

एवढ्यात टाळ्या झाल्या. बाई आल्या असाव्यात. तंबोरा लागला. आम्ही कडेच्या बांबूंना धरून बाहेर पडत होतो आणि पहिला सूर आला. रेडिओवरच्यापेक्षा आवाज थकलेला होता, पण तोच. मामा थांबले. मला वाटलं गाण्यासाठी थांबले, पण ते डोळे बारीक करून स्टेजकडं बघत होते.

“पोरी, मला लांबचं नीट दिसत न्हाई. बाईच्या खाली काय हाय, बघ.”

मी बघितलं. स्टेजभर पांढऱ्याशुभ्र गाद्या, आणि मधोमध बाई बसल्या होत्या त्याखाली काळं, करड्या काठाचं. एक कोपरा स्टेजच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि त्यावर लाल दोरा.

“मामा, तेच हाय.”

एवढा जीव भांड्यात पडलेला मला माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा आठवत नाही. आमचे हे मात्र लगेच स्टेजच्या पायऱ्यांकडं निघाले. मामांनी त्यांचं मनगट धरलं.

“कुठं निघालास?”

“आनतो की, आबा. आपलं हाय.”

“खुळा का काय? पाव्हनी बसलीय त्याच्यावर. पाव्हन्याच्या खालनं घोंगडं वडत्यात व्हय?”

आणि तिथंच, बांबूशेजारी, ते मातीवर बसले. मी गोणी पुढं केली तर तीही घेतली नाही. आम्हीही बसलो. थोड्या वेळानं बघते तर मामांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. वाकून बघितलं तर माणूस हसत होता, तोंडाला टॉवेल लावून. कितीतरी महिन्यांनी.

“काय झालं, मामा?”

“तुझी सासू,” ते कुजबुजले. “जलमभर हिच्या नावानं बोटं मोडली तिनं. आन् शेवटी बसायला हिलाच दिलं बघ.”

मग मलाही हसू फुटलं, आणि पुढं बसलेल्या एकीनं ‘शूऽऽ’ केलं. हे गाणं मोफत नसतं तर आम्हाला बाहेरच काढलं असतं. पुढं मात्र मामा हलले नाहीत. बाई गात होत्या आणि मामा अधूनमधून मान डोलवत होते. गाण्यातलं काय कळत होतं, देव जाणे. ऊन मंडपाच्या कापडातून खाली यायला लागलं तेव्हा बाईंनी हात जोडले. उठताना त्यांनी बसलेल्या जागेला, म्हणजे आमच्या घोंगड्याला, हात लावून तो कपाळाला लावला.

आम्ही स्टेजच्या मागं पळतच गेलो. मंडपवाला गाद्यांच्या वळकट्या करत होता. घोंगडं आमचं म्हटल्यावर म्हणाला, “आजी, म्हणजे बाई, म्हणाल्या गादी घसरती, गुडघा टेकंना. काहीतरी घट्ट द्या. फुडं हे दिसलं, आमचंच म्हणून उचललं.”

बाई तिथंच खुर्चीवर पाणी पीत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तुमचं का हो हे? फार उपकार झाले. आज गुडघे दुखले नाहीत.”

मामा एवढ्या मोठ्या बाईसमोर बोलतील असं मला वाटलं नव्हतं. ते घोंगड्याची घडी घालत म्हणाले, “आमच्या मंडळींनी सूत काढलंय. त्यांचंबी गुडघं दुखायचं.” मग घडी खांद्यावर टाकत, “तुमचं गानं लागलं का त्या हाळी द्यायच्या मला.”

“आल्या नाहीत त्या?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “त्या न्हाईत आता.”

आमच्यासमोर ते एवढंही कधी बोलले नव्हते. बाईंनी हात जोडले. आम्ही नमस्कार करून निघालो.

परत जाताना दुधाचा टेम्पो नव्हता, एसटीनं आलो. मामा खिडकीशी बसून वाटभर रेडिओच्या सेलची चौकशी करत होते, घरात आहेत का, का न्हावऱ्यात उतरल्यावर घ्यायचे. मी आहेत म्हणाले. नव्हते. उतरल्यावर ह्यांना हळूच दुकानात पिटाळलं.

संध्याकाळी मी ओट्यावर कांदे निवडायला बसले, नेहमीसारखी गोणी टाकून. मामांनी शेजारी घोंगडं अंथरलं, लाल दोऱ्याचा कोपरा सारखा केला आणि एका कडेला सरकून बसले. बाकीचं तसंच मोकळं राहिलं.

“गोनीवर काय बसतीयास,” ते म्हणाले. “हिकडं बस की.”

मी हात पदराला पुसले आणि उठून तिथं बसले. लोकर नव्या घोंगड्यासारखीच पायाला टोचत होती. चुलीवर कालवण होतं ते लागल्याचा वास आला, पण मी उठले नाही.