पुढे आलेला आठवा माणूस

आमच्या कोचने मला फसवलं. अंतिम सामन्यात चेंडू तुलाच देतो असं कबूल करून त्याने तो आपल्या पुतण्याला दिला, आणि हे मला सोडून सगळ्या संघाला आधी सांगून ठेवलं. आज ऑकलंडमध्ये माझं स्वतःचं, माल रचायच्या लाकडी पॅलेटचं यार्ड आहे, माझ्याकडे माणसं कामाला आहेत. तरी तो माणूस सुपरमार्केटात समोर आला की माझे कान तापतात, आणि तो मला पाहून दुसऱ्या रांगेत वळतो.

२०१३ साली मी इथल्याच पेनरोज भागातल्या एका डेपोत फोर्कलिफ्ट चालवत होतो. फुटकी पॅलेट गोळा करून, ठोकूनठाकून विकायला नुकती सुरुवात केली होती. डेपोतला एक टोंगन सहकारी ग्रिडायर्न खेळायचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. रग्बीच्या या देशात तो खेळणारे मूठभर. आमच्याकडे तर हेल्मेटही सगळ्यांना पुरत नव्हती, मापाचं मिळणं दूरच. मी पुण्यात कबड्डीत चढाया करायचो हे कळल्यावर त्याने मला ओढून नेलं.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्नाची चाल कोच बाहेरून इशाऱ्याने सांगतो. माझं काम सोपं होतं. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या खेळाडूने, तो माझ्या पोटाशी द्यायचा आणि मी उजवीकडच्या फटीतून घुसायचं. पहिले दोन सामने मी सुसाट पळालो. मग समोरचे शहाणे झाले. कारण आमचा कोच पहिल्या प्रयत्नाला दर वेळी हीच चाल द्यायचा. बचावाच्या पुढच्या भागात साधारण सात माणसं असतात. तिसऱ्या सामन्यात त्यांनी मागचा एक आठवा पुढे आणला आणि बरोबर माझ्या फटीत उभा केला. चौथ्या सामन्यातल्या आठव्याने तर मला खाली दाबून धरत माओरीत नमस्कार घातला, "किया ओरा, मेट. परत आलास?"

तेव्हा बाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. ते कबड्डीचे पंच. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत माकडटोपी घालून बसायचे. परतताना गाडीत म्हणाले, "पहिल्याला तू उजवीकडे. थर्मासमधून चहा ओतता ओतता मीसुद्धा सांगतो. त्यांना कळायला काय झालं?"

मी म्हटलं, चाल कोच ठरवतो.

"म्हणजे खेळतो तो, आणि मार खातोस तू."

हे मला झोंबलं. सौदा करताना माझा शेवटचा आकडा समोरच्याला कळू द्यायचा नाही, यावर तर मी उभा राहिलो. इथे माझा आकडा समोरच्या अकराही जणांना पाठ होता.

मी कोचला गाठलं आणि सुनावलं. तो शांतपणे फळ्याकडे वळला. म्हणाला, त्यांना येऊ दे. दर आठवड्याला तो आठवा एक पाऊल पुढे येईल. मग अंतिम सामन्यात तुला चेंडू दिल्याचं नुसतं सोंग करायचं. सगळे फटीवर तुटून पडतील, मागे मैदान मोकळं, तू त्यांच्यातून निसटायचं आणि चेंडू वरून तुझ्याकडे. तोपर्यंत मात्र निमूटपणे भिंतीवर जाऊन आदळायचं.

चाल पाहून मला हसू आलं. हा माणूस माझ्या धंद्यात शोभला असता. पण मी घासाघीस केली. अंतिम सामन्याला ऑकलंडच्या निवडसंघासाठी माणसं हेरणारे येणार होते, आणि माझ्या नावापुढे जेमतेम यार्ड लागत होते. मी म्हटलं, चेंडू मला, आणि फक्त मला. एरवी मी आदळणार नाही.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे ठरलं, असं म्हणून त्याने हात पुढे केला.

त्यानंतरचे पाच आठवडे मी विसरू शकत नाही. कोचने टोपीच्या कडेला हात लावला की तीच चाल. हेल्मेट माझ्या मापाचं नव्हतं, ते कानशिलं आवळायचं. गजांतून समोर दर वेळी एक आठवा दिसायचा, माझ्याकडेच बघत. मी कुठे जाणार हे त्याला माहीत, त्याला माहीत आहे हे मला माहीत, आणि तरी तिथेच जायचं. डावीकडे मोकळी जागा दिसायची, तिकडे वळायची मुभा नव्हती. तक्रार केली तर सौदा मोडला. सोमवारी डेपोत फोर्कलिफ्ट मागे घेताना दुखऱ्या बरगड्यांमुळे मागे वळून बघता येईना, म्हणून मी आरसा बांधून घेतला.

अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात तो इशारा आला. मी रिकामे हात पोटाशी घट्ट धरून फटीत घुसलो. आठवा अंगावर आला. खांदा झुकवून मी त्याला चुकवलं आणि मागे बाहेर पडलो. पुढे नुसतं गवत होतं. त्यांचा अगदी शेवटचा बचावपटू धावत माझ्याजवळ आला, पण मी त्याच्या पुढे होतो. वळून हात वर केले. चेंडू हवेत होता, आणि डावीकडे चालला होता. तिथे कोचचा पुतण्या एकटा उभा होता. चेंडू झेलून तो शेवटच्या रेषेपार पळाला, त्याला कुणी हातही लावला नाही.

आमची माणसं उड्या मारत त्याच्याकडे धावली. तो शेवटचा बचावपटू माझ्या शेजारी धापा टाकत होता. माझ्या वर धरलेल्या हातांकडे बघून त्याने हळूच विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

सामना संपल्यावर मी कोचची कॉलर धरली. त्याने ती सोडवूनही घेतली नाही. म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू चिडून अर्ध्या जोराने धावला असतास, आणि तो शेवटचा माणूस तुझ्यामागे आला नसता. हंगामभर बघतोय तुला. आपल्या पहिल्या प्रयत्नापेक्षा तू ओळखायला सोपा आहेस."

निवडसंघात पुतण्या गेला. माझ्या नावापुढे त्या चालीचा एकही यार्ड लागला नाही.

गाडीत बाबांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "चाल चांगली होती." मोटरवेवर गाडी थांबवता येत नाही, नाहीतर मी उतरलो असतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "शब्द दिला होता ना त्याने?"

"दिला होता."

"मग चांगली चाल होती म्हणून त्याला सोडू नकोस."

मी सोडलेलं नाही. संघ जिंकला, हे त्याचं एकच उत्तर मी तीनदा ऐकलं आहे, आणि ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. माझा प्रश्न असा आहे. फळ्यासमोर त्याने माझा हात हातात घेतला, तेव्हाच चेंडू पुतण्याकडे जाणार हे ठरलं होतं का? हो किंवा नाही. ज्यांना त्याने सांगितलं होतं आणि जे मला न सांगता पाठीवर थापा मारत राहिले, त्या सगळ्यांना समोर बसवून त्याने हे एकदा सांगावं.