दोन जिवांची राणी

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साचतात. आमच्या बोरिवलीच्या दवाखान्यात तर ते कुत्र्यांच्या केसांसारखे साचतात, कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. सावंत सर आणि मी, दोघेही जनावरांचे डॉक्टर. पेशंट बहुतेक कुत्रीमांजरं. पण माझे सगळ्यात लाडके किस्से एका मेंढीचे आहेत. तिचं नाव राणी.

राणी गोराईच्या कांबळे काका-काकूंची. काकांनी भांडुपला अख्खी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर गोराईत तुकडाभर जागेत चार मेंढ्या पाळल्या. राणीची आई राणीच्या जन्माच्या वेळीच गेली. पिल्लू फार मोठं होतं, अडलं. मग काकूंनी राणीला बाटलीने दूध पाजून वाढवलं. ती गाभण राहिली तेव्हा काकूंनी आम्हाला बजावलं, "आईचं झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही. बाकी मला काही ऐकायचं नाही."

*

पहिला किस्सा फोनचा. आमच्या वरच्या मजल्यावर प्रसूतिगृह आहे. काकूंनी चुकून तिथे फोन लावला.

"आमची राणी दोन जिवांची आहे. सोनोग्राफीला कधी आणू?"

"पेशंटच्या नवऱ्याचं नाव?"

"नवरा कसला? शेजारच्यांचा आहे तो. कुंपण मोडून आला होता."

वरची रिसेप्शनिस्ट रिसीव्हर तसाच ठेवून जिना उतरून आमच्याकडे आली. "सर, हे तुमच्याकडचं असलं तर बरं होईल हो," म्हणाली.

*

सोनोग्राफीत एकच पिल्लू दिसलं. काकू हिरमुसल्या. सर म्हणाले, "एकच म्हणजे सगळा खुराक एकट्यालाच. त्यात बाप दांडगा. चारा पोटभर द्या, उपाशी ठेवू नका, पण शेवटचा दीड महिना धान्य जपून."

"दोन जिवांची आहे हो. दोघांचं खाणारच."

सर मालवणचे. चिडले, गडबडले की तिकडचंच बोलतात. "वहिनी, दुसरो जीव एवढो वाढलो तर भायर खयसून येतलो?"

काकू "बरं" म्हणाल्या. त्यांच्या "बरं"चा अर्थ कळायला आम्हाला पुढची फेरी करावी लागली.

*

त्या फेरीला आम्ही गोराईत पोचलो, तर राणीचं डोहाळजेवण चाललेलं. गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात पाट, पाटावर पुरणपोळ्या, आणि भोवती शेजारणी गाणी म्हणतायत.

"डोहाळे कुणाला लागलेत?" सरांनी विचारलं.

"तिलाच की. तोंडाने सांगत नाही, पण डोळ्यांत दिसतं ना."

एवढ्यात राणीने गळ्यातला हार खायला सुरुवात केली. "बघा," काकू म्हणाल्या, "फुलांचे लागलेत."

पोळ्या सरांनी जागेवरच जप्त केल्या आणि आम्ही दोघांनी खाल्ल्या. काकूंनी मला आणखी एक वाढली. "खा गं, किती वाळलीस." मी त्या वेळी ज्या मापाचे कपडे घालत होते, त्यात वाळण्यासारखं काही नव्हतं.

*

मग सरांनी काकांना सांगितलं, हिला रोज फिरवा. काका शिस्तीचे माणूस. सकाळी पट्टा बांधून राणीला किनाऱ्यावर न्यायला लागले. फिरायला आलेले लोक सेल्फी काढायचे. कुणीतरी काकांना विचारलंदेखील, "अंकल, कुठली ब्रीड? फारच केस आहेत हो."

महिन्याने काका बोटीच्या धक्क्यावर आम्हाला घ्यायला आले, ते एका हाताने सैल पँट धरून. वजन झकास उतरलेलं. राणी मात्र होती त्याहून रुंद.

"रोज चालते ना?" मी विचारलं.

"चालते की," काकू म्हणाल्या. "दमून येते बिचारी, म्हणून आल्यावर मूठभर गहू देते."

सर या वेळी चिडले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, हिच्या आईला काय घालत होता?"

काकू बराच वेळ राणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "गव्हाची खीर," त्या म्हणाल्या. "रोज. मीच घालत होते." मग उठल्या, धान्याच्या पत्र्याच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली काकांच्या हातात दिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि त्यांचं फार कौतुकही वाटलं.

*

एक किस्सा माझ्या हातांचाही सांगते. माझे हात फारच लहान. बांगड्या घ्यायला गेले की दुकानदार लहान मुलींच्या खोक्याकडे वळतो. दवाखान्यात सगळ्यात छोटा ग्लोव्हही मला ढगळ होतो. सर म्हणायचे, "या हाताने तू उंदराचीच प्रॅक्टिस कर." मी हसून सोडून द्यायचे, पण लागायचं.

*

राणीचे दिवस भरले. सकाळीच काकांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या कळा चालू होत्या आणि पुढे काही सरकत नव्हतं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. 

सरांनी प्रयत्न केला. डोकं मोठं, एक पाय मागे दुमडलेला, आणि सरांचा पंजा केळीच्या फण्याएवढा. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"माझो हात जाऊचो नाय. गो बाय, तू घाल."

मी बांगड्या काढून काकूंच्या हातात दिल्या. हात आत गेला. कळ थांबली तशी मी डोकं हलकेच मागे सारलं, खूर सापडला, तो मुठीत झाकून पाय पुढे आणला. पुढच्या कळेबरोबर सर म्हणाले, "आता ओढ." मी ओढलं, राणी ओरडली, आणि सगळं एकदम माझ्या मांडीवर आलं.

पिल्लू हलेना. सरांनी नाकातोंड पुसलं, गोणपाटाने खसाखसा चोळलं. पिल्लू शिंकलं. मग असं बें बें ओरडलं की शेजारचा तो मेंढा कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

राणी उठली आणि त्याला चाटायला लागली. काका रडत होते, मीही रडत होते. सरांनी पिल्लू शेजारून आणलेल्या मासळी तोलायच्या काट्याला लावलं. साडेपाच किलो! एरवी तीन किलोचं असतं. "माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एवढं मोठं पिल्लू जिवंत काढलेलं बघितलं नाही," सर म्हणाले, आणि माझा हात धरून काकांना दाखवला. "ह्यो हात बघा."

काकू पुढे आल्या. आधी राणीचं तोंड कुरवाळलं, मग माझ्या बांगड्या माझ्या हातात एकेक करून चढवल्या. मग खाली बसून पिल्लाला नीट निरखलं, पुढून, मागून, पोटाखालून.

"बारीक दिसतंय नाही गं जरा?" त्या म्हणाल्या. "अहो, ती किल्ली आणा."