बिराचं कोपर

बिरा भेटला की आधी बरगडीत कोपर बसायचं, मग "कसं हाय मास्तर?" हा प्रश्न यायचा. सोलापूरच्या नवी पेठेत, लग्नाच्या पंगतीत, बायको सोबत असली तरी. सायकलच्या शर्यती सोडून त्याला पंचवीस वर्षं झाली, पण त्याचं कोपर काही निवृत्त झालं नाही.

बिरा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. रस्त्यावरच्या आणि ट्रॅकवरच्या, दोन्ही शर्यती मारायचा. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, हे त्याला भारी आवडायचं. "बिरेक लागतो त्येनं टांग्यात बसावं," म्हणायचा. एकदा पुण्याच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत एकानं त्याला कठड्याकडे दाबलं. दोघेही ट्रॅकच्या सिमेंटच्या उतारावरून फरफटत खाली आले. बिराच्या मांडीची कातडी सोलून निघाली होती. हा पठ्ठ्या उठला, पायातला बूट काढला आणि त्या गड्याच्या तोंडावर असा हाणला की दोन दात बाहेर. सहा महिन्यांची बंदी आली. मी जखमेवर आयोडीन ओततोय, तर हा विचारतो, "पर पयला कोन आला, त्ये सांग की!"

आम्ही एकाच वयाचे, एकाच क्लबातले. राज्याच्या संघात सोलापूरसाठी एकच जागा होती आणि ती दोघांनाही हवी होती. निवडीची शर्यत अक्कलकोट रस्त्यावर झाली. शेवटच्या टप्प्यात आम्ही दोघंच पुढे होतो, बाकीचे बरेच मागे. बिराचं कोपर माझ्या छातीत बसलं. मी हँडलवरून उडून डांबरावर आपटलो. गळ्याखालचं हाड मोडून कातडीबाहेर आलं, तोंड रक्तानं भरलं. बिरा पहिला आला, संघात गेला, पुढे पदकं आणली. मी शाळेत मास्तर झालो.

चौकशीत तो एवढंच म्हणाला, "गडी आडवा आला." कुणाचाही विश्वास बसला नाही, पण पुरावाही नव्हता. लोकांनी त्याला गुंड ठरवलं आणि मला बिचारा. ते बिचारेपण मी आयुष्यभर मिरवलं. वाकडं जुळलेलं हाड सदरा बाजूला करून दाखवायचो. खरं सांगायचं तर कोपर बसण्याआधी मीच मागून त्याची जर्सी धरून ओढली होती. घामानं भिजलेलं ते कापड अजून मुठीत जाणवतं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटते, पण नाही सांगितलं.

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर झाला. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा अंथरुणात नुसता सांगाडा उरला होता. त्यानं हात लांबवून माझ्या त्या हाडावर बोट ठेवलं.

"कोपर माजंच व्हतं, मास्तर."

माझ्यानं राहवेना. "बिरा, आधी तुझी जर्सी मी..."

"ठावं हाय की. म्हनून तर हानलं."

"मग चौकशीत का बोलला नाहीस?"

"तुला बी बंदी आली असती. बरा हून परत शर्यतीत अंगावर येशील, वाटलं व्हतं मला." हाडावरचं बोट काढून म्हणाला, "आलाच न्हाईस."

मी जवळ सरकलो, तेव्हा त्यानं सगळा जोर लावून माझ्या बरगडीत कोपर मारलं. ते लागलंच नाही. मला रडू आवरेना.