तेल लावलेल्या दोऱ्या

तिसगावच्या शाळेमागच्या धनुर्विद्या केंद्रात दयाताईंकडे दोऱ्यांचं काम आलं ते त्यांच्या बोटांमुळे. मिशनच्या शिवणवर्गात तयार झालेली बोटं. धनुष्याच्या दोरीचे सोळा पातळ धागे एका ताणात बसवायचे, बाण टेकतो त्या मधल्या भागावर बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, आठवड्याला मेण चोळायचं. दोरीला टिचकी मारून आवाजावरून त्या सांगत, "ही थकली." मुली हसत, पण दोरी बदलून घेत.

नवरात्रात त्या बहिणीकडे श्रीगोंद्याला गेल्या. जाताना दोऱ्या-मेण ठेवायच्या कपाटावर कागद चिकटवला : दोरीला मेणाशिवाय काहीही लावू नये.

खंडेनवमीच्या दुपारी परतल्या, तर सहाच्या सहा धनुष्यं टेबलावर पुजलेली. झेंडू, हळदकुंकू, नारळ. आणि दोऱ्या नको तितक्या चमकत होत्या. दयाताईंनी बोट लावून वास घेतला. करडीचं तेल.

प्रशिक्षक रंगनाथ सर शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्याकडे या दिवशी चाबकाच्या वादीपासून मोटेच्या जुन्या नाड्यापर्यंत सगळ्याला तेल लागतं.

"सर, कागद वाचला न्हाई का?"

"वाचला की. मेण घावलं न्हाई, म्हनून तेल लावलं. नरम राहत्यात दोऱ्या."

"नरम करून काय पापड लाटायचेत? वेढे सरकलेत सगळे. कुंकवाची कच आत गेली, ती धागे कापती."

"दयाताई, देवाचं काम हाय हे."

दयाताईंनी तेलाचं बोट पदराला पुसलं. इतक्या वर्षांत गावानं त्यांना कधी परकं धरलं नव्हतं. पण चर्चला जाणाऱ्या बाईनं पूजेत खोट काढली, एवढंच उद्या पारावर उरलं असतं. तेलाबद्दल कुणी बोललं नसतं.

तेवढ्यात स्नेहल आली. केंद्रातली सगळ्यांत नेमबाज पोरगी. तिची सरावाची दोरी त्याच सहांत होती.

"मावशी, परवा नगरला निवड चाचणी हाय माझी."

नवी दोरी बनवणं अवघड नव्हतं. पण नवी दोरी पहिल्या शंभरेक बाणांत ताणते आणि नेम ढळतो. दयाताई सरांना म्हणाल्या, "मी रातीतून दोरी देते. उद्या दिवसभर मारू द्या तिला."

"पुजलेलं हत्यार सोनं लुटून आल्याबिगर हलवायचं नसतं."

म्हणजे उद्याची संध्याकाळ. दयाताई घरी येईपर्यंत एकट्याच बडबडत होत्या.

दिवेलागणीपर्यंत दोरी झाली. ती त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला गुळगुळीत आकड्यात अडकवली आणि खाली बाजरीचं चाळीस किलोचं पोतं टांगलं. नवरा जोएल ओट्यावरून बघत होता.

"कुनाला फाशी दिली गं?"

"तुमी गप बसा, न्हाईतर त्या पोत्यावर बसवीन. वजन कमीच पडतंय."

दसऱ्याच्या दुपारी टेप लावला. दोरी बोटभर वाढली होती. म्हणजे वाढायची ती वाढून झाली. दयाताईंनी तिला पीळ देऊन मापात आणली. संध्याकाळी सर केंद्रात आपट्याची पानं वाटत आले, तेव्हा त्या दोरी हातात धरून धनुष्याशेजारी उभ्याच होत्या. पानं घ्यायलाही त्यांचा हात मोकळा नव्हता. अंधार पडेपर्यंत स्नेहलनं तीस बाण मारले. शेवटचे सहा वितीभर जागेत.

चाचणीत चौघींची निवड झाली, स्नेहल चौथी. सर पेढे घेऊन आले, तेव्हा दयाताई उरलेल्या पाच दोऱ्यांचे तेलकट वेढे ब्लेडनं सोडवत बसल्या होत्या. बोटं पिवळी झाली होती.

"बघा दयाताई, पूजा पावली."

त्यांच्या ओठावर लिंब, पोतं, टेप, सगळं आलं होतं. त्यांनी पेढा घेतला.

"पावली, सर. पुढच्या वर्सी मेण मीच आनून ठेवते. कपाटात न्हाई, तुमच्या पूजेच्या ताटात."

सर हसले. दयाताईंनी पुढची दोरी ओढली.